चुंबक काम करत नाही, मग भंगार उचलतं कोण?

प्रश्न इंदूरच्याच एका मुलीचा आहे, बीएस्सीचं दुसरं वर्ष. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: ‘काका, सांवेर रोडला भंगाराच्या एका यार्डात क्रेनला टांगलेलं गोल चुंबक पाहिलं. बटण दाबलं की ढीगभर लोखंड सरळ वर. आमच्या पुस्तकात तर ठळक अक्षरांत छापलंय की चुंबकीय बल कधीही कार्य करत नाही. मग ते लोखंड उचललं कोणी? सरांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेला येत नाही. आणि फ्रिजवरच्या चुंबकाला तर वायरसुद्धा नसते, तरी टाचणी उडी मारून चिकटते. क्वांटममध्ये म्हणे बल फोटॉन वाहून नेतात. मग चुंबकातून फोटॉन निघतात का? अंधारात दिसत का नाहीत?’

क्रेनचं उत्तर सोपं आहे, टाचणीचं नाही. ‘कार्य’ म्हणजे बलाने वस्तूला दिलेली ऊर्जा, त्याच अर्थाने मी पुढे ‘काम’ म्हणेन. आणि खरी गंमत अशी की पुस्तकातलं ते ठळक वाक्य शब्दशः खरं धरून शेवटपर्यंत चालत गेलं, तर जगात एकही चुंबक असायला नको. तुझ्या सरांनी नकळत एका चांगल्या विहिरीवर झाकण ठेवलंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बस.

माझी नोकरी चुंबकं आणि त्यांचे पॉवर सप्लाय यांच्यात गेली, त्यातली बरीचशी इथे कॅटमध्ये. २००५ पासून कागदोपत्री नाव राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्र आहे, पण रिक्षावाल्याला आजही कॅटच सांगावं लागतं. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो, कारण पुस्तकातलं वाक्य किती खरं आहे हे तिथल्यासारखं दुसरीकडे दिसणं कठीण.

सुखनिवासकडच्या त्या आवारात इंडस-२ नावाचं वलय आहे, वेगवान इलेक्ट्रॉन गोल फिरवत ठेवणारं यंत्र, परीघ साधारण १७२.५ मीटर. आत निर्वात नळी, आणि नळीत २.५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट (अडीचशे कोटी व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉनला मिळेल तेवढ्या) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरतात, सेकंदाला सतरा लाखांच्या वर फेऱ्या. त्यांना वळवायला १६ द्विध्रुव चुंबकं आहेत. प्रत्येक चुंबक इलेक्ट्रॉनची वाट साडेबावीस अंशांनी वळवतं. क्षेत्र सुमारे १.५ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), वळणाची त्रिज्या ५.५५ मीटर. एवढी राक्षसी चुंबकं, त्यांच्या कॉइलमधून शेकडो अँपिअर वाहतात, थंड ठेवायला पाणी खेळवावं लागतं, आणि इलेक्ट्रॉनच्या खात्यात ती जमा किती करतात? एक इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा नाही. बल नेहमी वेगाशी काटकोनात, त्यामुळे वेगाची दिशा बदलते, मोजमाप जसंच्या तसं. ऊर्जा द्यायची असेल तर तिथे वेगळी सोय आहे. रेडिओ तरंगांच्या पोकळ्या, ५०५.८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, त्यांच्यातलं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनला पाठीमागून रेटतं. वळवायचं काम चुंबकाचं, पगार विद्युत क्षेत्राचा.

मग वळवायलासुद्धा विद्युत क्षेत्रच का नाही वापरलं? नवे लोक आम्हाला हे हमखास विचारायचे. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनवर १.५ टेस्लाचं जे बल येतं, तेवढंच बल विद्युत क्षेत्राने आणायचं तर मीटरला ४५ कोटी व्होल्ट लागतील. कोरडी हवा मीटरला ३० लाखांतच फुटते, ठिणगी पडते. वेग जास्त असला की चुंबकीय बल स्वस्त पडतं, कारण ते वेगाच्या पटीत वाढतं. हा सगळा हिशेब पैशाचा आणि तांब्याचा आहे, तत्त्वज्ञानाचा नाही.

(एक अट राहिली. क्षेत्र वेळेनुसार बदलत असेल तर त्यातून विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते काम करतं. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, आणि बीटाट्रॉन नावाचं यंत्र याच जोरावर इलेक्ट्रॉनचा वेग वाढवतं. पण तेव्हाही काम विद्युत क्षेत्राच्या नावावरच लिहिलं जातं.)

आता क्रेन. तिच्याआधी एक साधी तार घे, कारण सगळी गोम तारेतच आहे.

एक मीटर लांबीची आडवी तार, एक चौरस मिलिमीटर जाडीची, तिच्यातून १० अँपिअर, आणि तारेला आडवं अर्ध्या टेस्लाचं क्षेत्र. बल येतं ५ न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या वजनाएवढं, वरच्या दिशेने. समज, तेवढंच वजन टांगलेलं आहे आणि तार सेकंदाला २ मीटर या वेगाने वर जातेय. यांत्रिक शक्ती झाली १० वॅट. वजन चढतंय, कोणीतरी पैसे भरतंय. कोण?

तारेतल्या एका इलेक्ट्रॉनवर बस आणि बघ. आपल्याला वाटतं इलेक्ट्रॉन तारेतून सुसाट पळतो. प्रत्यक्षात एवढ्या करंटला तो सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही, साधारण ०.७ मिलिमीटर. तार मात्र त्याला घेऊन २ मीटरने वर चालली आहे. म्हणजे त्याचा खरा वेग जवळजवळ सरळ वरच्या दिशेने आहे. चुंबकीय बल वेगाला काटकोनात, म्हणून ते जवळजवळ पूर्णपणे आडवं, तारेच्या लांबीच्या दिशेने आणि करंटच्या विरुद्ध. वरच्या दिशेचा वाटा त्यातला अगदी हजारातला थोडा. पण इलेक्ट्रॉन अगणित आहेत, त्या थोड्याथोड्यातून ५ न्यूटन जमतात. आणि तो मोठा आडवा वाटा? तो करंट थांबवू पाहतो. बॅटरीला तो ओलांडून इलेक्ट्रॉन पुढे ढकलावा लागतो. किती दाब लागतो? अर्धा टेस्ला गुणिले एक मीटर गुणिले २, म्हणजे १ व्होल्ट. एक व्होल्ट, १० अँपिअर, १० वॅट. पै-पैचा हिशेब जुळला. चुंबकीय बलाने एका हाताने वर १० वॅट दिले, दुसऱ्या हाताने आडवे १० वॅट घेतले, बेरीज शून्य. वजन चढवलं बॅटरीने.

आपल्या सराफ्याच्या गावात हे समजायला अवघड जाऊ नये. चुंबकीय क्षेत्र हा दलाल आहे. माल एकाकडून घेतो, दुसऱ्याला देतो, दिशा तो ठरवतो, पण तिजोरी त्याची नसते.

आणखी थोडं खोदलं तर तारेतल्या तांब्याला वर ढकलणारं बलसुद्धा चुंबकीय नाही. तांब्याचे आयन करंटमध्ये वाहत नाहीत. ते तारेबरोबर सरळ वर जाताहेत, म्हणून त्यांच्यावरचं चुंबकीय बल आडवंच येणार, वर येणार नाही. इलेक्ट्रॉन वरच्या कडेला किंचित दाटतात, त्यातून तारेच्या जाडीत एक छोटं विद्युत क्षेत्र उभं राहतं, आणि ते आयनांना वर ओढतं. हॉलने १८७९ मध्ये जो परिणाम मोजला तोच हा. मोटर, पंखा, मिक्सर, सगळीकडे तारेतल्या तांब्याला शेवटचा धक्का विद्युत क्षेत्राचाच असतो. मोटर अडकली की जळते त्याचंही कारण इथेच सापडेल: तार हलत नाही, उलटा दाब तयार होत नाही, मग करंटला अडवणारं कोणी उरत नाही.

क्रेनच्या चुंबकात तार हलत नाही, लोखंड हलतं. तरी हिशेब तोच. आणि हा हिशेब डोळ्यांनी बघता येतो, म्हणून पुढचं नीट वाच. जेल रोडवर बारा व्होल्टचा छोटा निळा रिले, म्हणजे आतल्या विद्युतचुंबकाने चालू-बंद होणारा स्विच, मिळतो, साखरेच्या चौकोनी वडीएवढा. त्याच्या कॉइलचा रोध साधारण ४०० ओहम, म्हणजे करंट ३० मिलिअँपिअरच्या आसपास. कॉइलच्या रांगेत १० ओहमचा रोध जोड आणि त्याच्या दोन टोकांवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते पडद्यावर काढणारं यंत्र) लाव. एकदाच झडप घालण्याच्या (सिंगल शॉट) मोडवर ठेव, पडद्याची रुंदी वीसेक मिलिसेकंद. कॉइलला उलटा डायोड जोडायला विसरू नकोस, नाहीतर बंद करताना सणसणीत झटका बसतो. संपर्काच्या पायांना मेनचा करंट अजिबात जोडायचा नाही.

बटण दाब. करंट वक्र रेषेने वर चढू लागेल, आणि शेवटच्या पातळीला पोचायच्या आत, काही मिलिसेकंदांवर, रेषेत एक खड्डा पडेल. चढता चढता करंट अचानक खाली येतो, मग पुन्हा चढतो. ज्या क्षणी ‘टिक’ आवाज येतो तोच हा खड्डा. आतली लोखंडी पट्टी उडी मारून गाभ्याला चिकटली, कॉइलमधून जाणारा फ्लक्स, म्हणजे एकूण चुंबकीय क्षेत्र, वाढला, त्या वाढीने उलटा दाब तयार केला, तेवढा वेळ करंट पडला. पट्टीला हलवायची ऊर्जा सप्लायकडून त्या खड्ड्यातूनच वसूल झाली. रिलेचं झाकण काढून पट्टी बोटाने दाबून धर आणि पुन्हा बटण दाब. रेषा गुळगुळीत, खड्डा गायब. मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हे करायला लावायचो. नंतर ऊर्जेबद्दल वाद घालायला कोणी यायचं नाही.

(पुढे शिकशील तेव्हा दिसेल: लोखंड संपृक्त झालेलं नसेल आणि करंट स्थिर धरला असेल, तर सप्लायकडून जादा आलेल्या ऊर्जेतली बरोबर अर्धी यांत्रिक कामाला जाते आणि अर्धी क्षेत्रात साठते.)

यार्डातल्या चुंबकात हीच गोष्ट टनांच्या भाषेत घडते. १.५ टेस्लाला लोखंड ध्रुवाला सपाट टेकलेलं असेल तर ओढ चौरस सेंटिमीटरला सुमारे ९ किलो येते. सपाट प्लेट असेल तर टनावारी उचलेल. गंज चढलेलं वेडंवाकडं भंगार असेल तर मधल्या हवेच्या फटी क्षेत्र खाऊन टाकतात आणि तेच चुंबक त्याच्या थोड्याशा वाट्यावर येतं. म्हणून क्रेनच्या खाली उभं राहायचं नाही, तू लांबून पाहिलंस ते ठीक केलंस.

इथवर पुस्तक जिंकलं. आता फ्रिजवरचं चुंबक.

इथे सप्लाय नाही, बॅटरी नाही, बटण नाही. टाचणी मात्र उडी मारते. मला हे काम नखाने मोजून माहीत आहे. नोकरीच्या अगदी सुरुवातीला, दुसऱ्या एका ठिकाणी, कायम चुंबकांच्या जोडणीजवळ मी लोखंडी पाना घेऊन गेलो होतो. हातातून तो कधी सुटला कळलंच नाही. ध्रुव आणि पाना यांच्यामध्ये माझं बोट. नख दोन महिने काळं होतं. तेव्हापासून माझ्या हत्यारांच्या पेटीत पितळी आणि बेरिलियम-तांब्याचे पाने असायचे, आणि ‘चुंबक काम करत नाही’ हे वाक्य मी जरा जपून उच्चारतो.

जुना मार्ग असा होता: चुंबकाच्या प्रत्येक अणूत करंटचं एक छोटं वेटोळं आहे असं समजा. अँपिअरची ही कल्पना. टाचणी सरकली की त्या वेटोळ्यांनाही उलटा दाब बसणार, त्यांचा करंट कमी होणार, आणि टाचणीची गतिज ऊर्जा त्यांच्या फिरण्यातून वसूल होणार. म्हणजे प्रत्येक टाचणीगणिक चुंबक थोडं थोडं मंदावेल. दलालीचा हिशेब इथेही बसतो. फक्त एक अडचण आहे. लोखंडाचं चुंबकत्व बहुतांश इलेक्ट्रॉनच्या स्पिनमधून येतं. स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगचाच कोनीय संवेग, जणू स्वतःभोवतीची गिरकी, आणि स्पिन मंदावत नाही. तो प्लांकच्या स्थिरांकाच्या ठरावीक पटीत असतो. विश्वातला कुठलाही इलेक्ट्रॉन, कधीही, तेवढाच. स्पिनची दिशा बदलेल, मोजमाप नाही. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी स्पिनची कल्पना मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन म्हणजे स्वतःभोवती फिरणारा गोळा असंच चित्र डोळ्यांसमोर होतं. लॉरेंट्झने हिशेब करून दाखवलं की मग त्या गोळ्याचा पृष्ठभाग प्रकाशाहून कितीतरी वेगाने फिरायला हवा. चित्र गेलं, स्पिन राहिला.

म्हणजे आता आपल्याकडे असं एक छोटं चुंबक आहे ज्याच्या आत वसूल करण्यासारखा करंटच नाही. त्याची ऊर्जा क्षेत्राच्या दिशेवर आणि ताकदीवर अवलंबून असते. क्षेत्र एका बाजूला जास्त असेल तर ते तिकडे ओढलं जातं. स्टर्न आणि गेरलाख यांनी फ्रँकफर्टला १९२२ मध्ये चांदीच्या अणूंचा झोत अशा असमान क्षेत्रातून सोडला आणि तो दोन फाकांत फुटला. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन, तरी आडवा वेग मिळवून बाहेर पडले. हे काम झालं की नाही? माझं मत सरळ आहे: झालं. ठळक वाक्य बिंदूएवढ्या प्रभारांवरच्या लॉरेंट्झ बलाबद्दल, म्हणजे वेगाला काटकोनात येणाऱ्या त्या मघाच्या बलाबद्दल आहे आणि तेवढ्यापुरतं ते पूर्ण खरं आहे. स्पिनच्या चुंबकाला ते लागू करायचं म्हणजे दुसऱ्याच्या घराचं भाडं आपल्याकडे मागायचं. ऊर्जा कुठून आली असं विचारशील तर, विहिरीत पोहरा सोडला की तो खाली जातो तेव्हा तू हा प्रश्न विचारत नाहीस. टाचणी चिकटली की दोघांची मिळून ऊर्जा कमी झाली. तोडून काढताना तुझ्या बोटांनी ती परत भरली.

काही जाणकार इथे मला अडवतील आणि त्यांचाही मुद्दा आहे. डिरॅकने १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यात स्थिर चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेत भर घालू शकत नाही, पुस्तकातलं वाक्य पुन्हा उभं राहतं. पण तिथे ‘इलेक्ट्रॉनची स्वतःची ऊर्जा’ या खात्यात स्पिन आणि क्षेत्र यांच्यातली ऊर्जाही धरलेली असते. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवायचं आणि म्हणायचं, बघा, खर्च काही झाला नाही. हिशेब म्हणून बरोबर आहे. माझ्या नखाला फरक पडला नसता.

आता मघाशी म्हटलं ती विहीर.

ठळक वाक्य पूर्ण खरं धर. जग फक्त प्रभार असलेल्या कणांचं, न्यूटनचे नियम, स्पिन नाही, क्वांटम नाही. एका धातूत लाखो करोडो इलेक्ट्रॉन उष्णतेने इकडेतिकडे धावताहेत. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लाव. प्रत्येक इलेक्ट्रॉनची वाट वळेल. प्रत्येक जण छोट्या वर्तुळात फिरू लागेल, म्हणजे करंटची वेटोळी तयार झाली, म्हणजे धातू चुंबक झाला! असंच वाटतं ना? पण थांब. चुंबकीय बल काम करत नाही. म्हणजे क्षेत्र लावल्याने कोणत्याही अवस्थेची ऊर्जा बदलली नाही. आणि तापमान ठरलेलं असताना कोणत्या अवस्थेत किती कण असतील हे फक्त ऊर्जेवर ठरतं. ऊर्जा तीच, तर वाटणी तीच. वाटणी तीच, तर सरासरी चुंबकत्व पूर्वी होतं तेवढंच, शून्य. मग त्या वेटोळ्यांचं काय झालं? कडेला बघ. भिंतीजवळचे इलेक्ट्रॉन पूर्ण वर्तुळ काढू शकत नाहीत, आपटून आपटून ते भिंतीच्या कडेने उलट दिशेला सरकतात. हा कडेचा करंट आतल्या सगळ्या वेटोळ्यांना बरोबर खोडून टाकतो. थोडाफार नाही, पूर्ण.

नील्स बोरने हे १९११ मध्ये आपल्या पीएचडीच्या प्रबंधात दाखवलं आणि हेंड्रिका व्हान ल्यूवेन यांनी १९१९ मध्ये लायडनला पुन्हा, स्वतंत्रपणे. पोरी, या निष्कर्षावर जरा थांब. अभिजात, म्हणजे क्वांटमपूर्व भौतिकीत, समतोलात, कुठलाही पदार्थ चुंबक होऊ शकत नाही. फ्रिजवरचं नाही, होकायंत्रातलं नाही, सांवेर रोडच्या क्रेनचा लोखंडी गाभा नाही. याला कारण तेच तुझं ठळक वाक्य. बोर दोनच वर्षांनी अणूचं क्वांटम चित्र घेऊन आला, तेव्हा त्याच्या मनात हा प्रबंध कुठेतरी असणारच असं मला नेहमी वाटतं.

क्वांटममध्ये ही पळवाट, म्हणजे खरं तर हे कुलूप, कसं उघडतं? अभिजात हिशेबात क्षेत्र संवेगाच्या जागी आत शिरतं. संवेगातून क्षेत्राच्या विभवाचा (ज्या राशीपासून क्षेत्र काढता येतं तिचा) एक भाग वजा होतो. सगळ्या संवेगांवर बेरीज करताना तुम्ही म्हणता, या वजाबाकीलाच मी नवा संवेग म्हणतो. नाव बदललं की क्षेत्र समीकरणातून गायब. क्वांटममध्ये संवेग आणि स्थान एकमेकांशी बांधलेले असतात, एकाला हलवलं की दुसऱ्याला धक्का बसतो, म्हणून असं नाव बदलता येत नाही. लँडाऊने १९३० मध्ये दाखवलं की या एका कारणाने मोकळे इलेक्ट्रॉनसुद्धा थोडेसे प्रतिचुंबकीय होतात. पाणी, लाकूड, माणूस, बेडूक, सगळ्यांत क्षेत्राला नकोसं म्हणणारा हा परिणाम अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांतून येतो. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये गाइम यांच्या प्रयोगशाळेत जिवंत बेडूक १६ टेस्लाच्या चुंबकात अधांतरी तरंगवला होता. त्या बेडकाला उचलणारं बल पूर्णपणे क्वांटमचं होतं.

विभवाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. अहारोनोव्ह आणि बोम (हा बोम वेगळा, तो बोर वेगळा) यांनी १९५९ मध्ये म्हटलं की इलेक्ट्रॉनच्या वाटेवर क्षेत्र कुठेच नसेल, सगळं क्षेत्र मधल्या एका बंद नळीत कोंडलेलं असेल, तरी नळीच्या दोन बाजूंनी गेलेले इलेक्ट्रॉन एकत्र आले की त्यांच्या लहरी मिसळून पडणारे पट्टे सरकलेले दिसतील. वाटेवर बल शून्य, परिणाम मात्र आहे. जपानमध्ये तोनोमुरा यांच्या गटाने १९८६ मध्ये अतिवाहकाने पूर्ण झाकलेल्या कडीसारख्या चुंबकावर हे दाखवून शंका मिटवली. मी आयुष्यभर न्यूटनमध्ये बल मोजत आलो, पण क्वांटममध्ये बल हे दुय्यम राशींपैकी एक आहे. तिथे मुख्य नोंदवहीत ऊर्जा आणि कला (फेज, म्हणजे लहर चढउताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) लिहितात.

लोखंडाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती माझी आवडती आहे. स्पिन मंदावत नाहीत हे ठीक, पण ते सगळे एका दिशेला तोंड करून का उभे राहतात? शेजारच्या चुंबकाची ओढ म्हणून? हिशेब कर. लोखंडाच्या अणूचा चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबक म्हणून त्याची ताकद, सुमारे २.२ बोर मॅग्नेटॉन (अणूंसाठीचं एकक), शेजारी अडीच अँगस्ट्रॉमवर. त्यांच्यातली चुंबकीय ऊर्जा इतकी क्षुल्लक आहे की निरपेक्ष शून्याच्या वर एक अंश गेलं तरी उष्णता ती रांग मोडून टाकेल. लोखंड मात्र ७७० अंश सेल्सिअसपर्यंत चुंबक राहतं. रांग लावणारा दुसराच कोणी आहे. हायझेनबर्गने १९२८ मध्ये तो ओळखला: इलेक्ट्रॉनांमधलं साधं विद्युत प्रतिकर्षण. पाउलीच्या नियमामुळे एकाच दिशेच्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एका जागी येऊ शकत नाहीत, म्हणून ते एकमेकांपासून जरा लांब राहतात, प्रतिकर्षण कमी पडतं, ऊर्जा वाचते. चुंबकाला चुंबक ठेवणारं बल विद्युत आहे. म्हणजे त्या साध्या तारेत धातूला शेवटी विद्युत क्षेत्राने उचललं, आणि लोखंडाच्या आतही रांग विद्युत बलानेच लावली. दलालाच्या पाठीमागे सगळीकडे एकच शेठ.

फोटॉनचा प्रश्न पटकन संपवतो. फ्रिजवरच्या चुंबकातून फोटॉन निघत नाहीत. स्थिर क्षेत्रातून ऊर्जा बाहेर वाहत नाही, वाहिली असती तर चुंबक काही काळात रिकामं झालं असतं. ‘आभासी फोटॉनांची देवाणघेवाण’ हे गणितातल्या पदांचं वाचन आहे. दोन होड्यांतून चेंडू फेकल्याचं जे चित्र शिकवतात त्यातून प्रतिकर्षण कळतं, आकर्षण कळत नाही, म्हणून मला ते कधीच आवडलं नाही. चित्र हवंच असेल तर एवढं घे: क्षेत्र खरं आहे, त्यात ऊर्जा आहे, आणि त्याची हालचाल ठरावीक पुड्यांमध्येच बाहेर पडते. हालचाल नाही, तर पुडी नाही.

हालचाल असेल तेव्हा मात्र पुड्या मोजता येतात, आणि त्यासाठी पुन्हा कॅटच्या वलयात जाऊ. इलेक्ट्रॉन वळणावर प्रकाश टाकतो. एका फेरीत सुमारे ६२३ किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट गमावतो, आणि ते सुमारे सव्वातीनशे फोटॉनांत विभागलेले असतात. चुंबक ही ऊर्जा घेत नाही. इलेक्ट्रॉनच्या स्वतःच्याच क्षेत्राची प्रतिक्रिया ती काढून घेते, आणि पोकळ्यांमधलं विद्युत क्षेत्र ती भरून देतं. २०० मिलिअँपिअरचा झोत असेल तर ही भरपाई सव्वाशे किलोवॅटच्या आसपास जाते.

आता हा तपशील बघ. प्रकाश टाकताना इलेक्ट्रॉनांची इकडेतिकडे झुलण्याची सवय हळूहळू विरते. प्रकाश सलग पाण्याच्या धारेसारखा निघत असता तर सगळे इलेक्ट्रॉन अखेरीस एका आदर्श रेषेवर येऊन बसले असते, झोताची जाडी जवळजवळ शून्य. तसं होत नाही. फोटॉन पुड्यांनी निघतो, कधी लहान, कधी सहा किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचा किंवा त्याहून दांडगा, आणि कधी निघेल ते अनियमित. प्रत्येक पुडीबरोबर इलेक्ट्रॉनला लाथ बसते. विरणं आणि लाथा यांच्या ओढाताणीत झोताची आडवी रुंदी ठरते. आम्ही झोताच्या प्रकाशाची प्रतिमा पडद्यावर टाकायचो, तो चपटा लंबगोल ठिपका दिसायचा. त्याची रुंदी मोजताना दरवेळी मनात यायचं की हा मिलिमीटरच्या आतला आकडा प्लांकच्या स्थिरांकावर ठरलाय. चुंबकं मी टेस्लात लावली, ठिपका क्वांटमने आखला.

रिले घेशील तेव्हा दोन घे, झाकण काढताना एक मोडतोच. आणि ऑसिलोस्कोपवर खड्डा सापडला की सप्लाय बारावरून नऊ व्होल्टवर आणून बघ. खड्डा उशिरा येईल आणि त्याचा आकार बदललेला दिसेल. का, ते आधी कागदावर काढ आणि मग मला पाठव.